कंपनीचे आकडे, इलेक्ट्रॉनिक ऑडिट आणि आपला विश्वास: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सीए आहे आणि ऑडिट हेच माझं रोजचं काम आहे. वार्षिक अहवाल घेऊन येणारे नातेवाईक, सोसायटीतले निवृत्त शेजारी, पहिल्या पगारातून शेअर घेतलेली मुलं, सगळ्यांचा मूळ प्रश्न एकच असतो: हे आकडे खरे धरायचे का? त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, मग घोटाळे होतातच कसे? हे दोन प्रश्न आणि त्यांतून निघणारे बाकीचे प्रश्न इथं एकत्र घेतले आहेत.

इलेक्ट्रॉनिक ऑडिट म्हणजे नेमकं काय करतात?

कंपनीची रोजकीर्द आणि खतावणी आता वह्यांत नसते, टॅली, सॅप, ओरॅकल अशा सॉफ्टवेअरमध्ये असते. ऑडिटर त्या नोंदींचा डेटाच घेतो, दुसऱ्या सॉफ्टवेअरनं तपासतो आणि बँक, ग्राहक, जीएसटी पोर्टल यांच्याकडच्या माहितीशी जुळवून बघतो.

याचा दुसरा अर्धा भाग बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी होतात, त्या सॉफ्टवेअरचंही ऑडिट होतं. कोणाकडे कुठले अधिकार आहेत? नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन अजून चालू आहे का? बिल टाकणारा आणि ते मंजूर करणारा एकच आहे का? हा भाग कच्चा राहिला, तर नोंदी कितीही नीट तपासल्या तरी पाया भुसभुशीतच राहतो.

पूर्वीच्या ऑडिटपेक्षा यात फरक काय पडला?

मी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करत होतो तेव्हा सुतळीनं बांधलेल्या व्हाउचरच्या फायली समोर यायच्या. हातात हिरवी पेन्सिल. बिल बघायचं, रक्कम वहीशी जुळवायची, टिक करायची. सगळी व्हाउचरं बघणं शक्यच नसायचं, म्हणून मार्च महिना पूर्ण आणि वर्षातले आणखी दोन-तीन महिने निवडायचो. कंपनीच्या जुन्या अकाउंटंटला आम्ही साधारण कुठले महिने मागणार ते पाठ असायचं. त्या महिन्यांच्या फायली चकाचक असायच्या.

आता वर्षाच्या लाखो नोंदी एका फाइलमध्ये येतात आणि प्रत्येक नोंदीला तोच प्रश्न विचारता येतो. एका कारखान्याच्या ऑडिटमधली गोष्ट सांगतो. तिथल्या व्यवस्थापकाला ५०,००० रुपयांपर्यंतची बिलं स्वतःच्या सहीनं मंजूर करता येत होती. आम्ही सगळी दुरुस्ती-देखभालीची बिलं रकमेनुसार लावली. ४९,००० ते ४९,९०० या पट्ट्यात बिलांची दाटी झालेली, त्यातली बरीचशी एकाच कंत्राटदाराची, एकाच तारखेची, लागोपाठच्या क्रमांकांची. प्रत्येक बिल सुटं बघितलं तर निर्दोष होतं. कागद होता, सही होती, शिक्का होता. हिरव्या पेन्सिलीनं मी त्यातल्या एखाद्यावर टिक करून पुढं गेलो असतो. सगळी एकाखाली एक आली तेव्हा मोठं काम तुकडे करून मंजूर करून घेतल्याचं उघडं पडलं.

अशी बरीच प्रश्नावली आता ठरलेली आहे. पुरवठादाराचं बँक खातं आणि एखाद्या कर्मचाऱ्याचं पगाराचं खातं एकच आहे का? ३१ मार्चला दाखवलेली विक्री एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत आली का? रात्री उशिरा किंवा रविवारी, तेही वरिष्ठांच्या लॉगिनवरून, कुठल्या नोंदी झाल्या? बेनफर्डचा नियमही वापरतात. नैसर्गिकपणे तयार झालेल्या आकड्यांच्या मोठ्या यादीत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण सुमारे ३०.१ टक्के असतं आणि ९ असण्याचं जेमतेम ४.६ टक्के. मनानं रचलेले आकडे बहुधा या ठेवणीत बसत नाहीत. अर्थात यातून गुन्हा सिद्ध होत नाही. कुठं खोदायचं एवढंच कळतं.

‘ऑडिट ट्रेल’ हा शब्द हल्ली प्रत्येक अहवालात दिसतो. तो काय आहे?

मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत कामाचा बदल आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पूर्वी सॉफ्टवेअरमधली नोंद उघडून रक्कम किंवा तारीख बदलली, की जुनी नोंद पुसली जायची. वहीत खाडाखोड तरी दिसायची, कॉम्प्युटरमध्ये तीही दिसत नव्हती. जानेवारीत बसून मागच्या जूनची नोंद ‘बॅक डेट’नं घालता यायची आणि त्याचा मागमूस राहायचा नाही. या बाबतीत आपण वहीपेक्षाही मागे गेलो होतो.

१ एप्रिल २०२३ पासून हिशेब कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या देशातल्या प्रत्येक कंपनीला, मग ती लहान असो वा मोठी, हिशेबासाठी असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं जे प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं आणि ज्यातली ही सोय बंद करता येत नाही. आधी काय होतं, नंतर काय केलं, कधी केलं, हे त्यात राहतं. यालाच ऑडिट ट्रेल म्हणतात. मूळ नियम २०२१ पासून लागू व्हायचा होता, पण दोनदा पुढं ढकलला गेला. टॅलीनं त्यासाठी ‘एडिट लॉग’ची वेगळी आवृत्ती काढली, ती आज गावोगावच्या ऑफिसांत दिसते.

ऑडिटरलाही आपल्या अहवालात लिहावं लागतं की ही सोय वर्षभर सगळ्या व्यवहारांसाठी चालू होती का, तिच्यात फेरफार झाल्याचं आढळलं का आणि ती माहिती नियमाप्रमाणे जपली आहे का. हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपायची असतात.

भागीदारी संस्था, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), एकट्याचं दुकान यांना हा नियम लागू नाही. तो कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांसाठी आहे.

मग ऑडिट ट्रेल असला की आकडे खरे, असं धरायचं का?

नाही. नोंद बदलली की नाही हे ऑडिट ट्रेल सांगतो. पहिल्यांदाच खोटी नोंद केली आणि तिला पुन्हा कधी हात लावला नाही, तर ट्रेल अगदी स्वच्छ दिसेल.

शिवाय एक फट आहे. वापरणाऱ्याला जो पडदा दिसतो, तिथून केलेला बदल नोंदला जातो. पण सॉफ्टवेअरच्या पोटात शिरून, थेट डेटाबेसमध्ये कोणी आकडा बदलला तर? तिथंही ट्रेल चालू हवा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत ऑडिटरनं ‘डेटाबेस पातळीवर ही सोय चालू नव्हती’ असं लिहिलेलं आढळतं. ते वाक्य वाचून लगेच शेअर विकायला धावू नका. मात्र पुढच्या वर्षीच्या अहवालातही तेच वाक्य जसंच्या तसं आलं, तर वार्षिक सभेत उठून विचारा.

सत्यममध्ये तर सगळं कॉम्प्युटरवरच होतं. तिथं काय झालं?

सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनीच होती. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात ५,३६१ कोटींची रोख व बँक शिल्लक दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीचा कामकाजातला नफा (ऑपरेटिंग प्रॉफिट) ६४९ कोटी दाखवला होता, पत्रानुसार खरा होता ६१ कोटी.

तपासात हजारो खोटी बिलं निघाली. ती कंपनीच्या स्वतःच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये विशेष अधिकार वापरून घातली होती आणि रोजचं काम करणाऱ्या विभागांना दिसणार नाहीत अशी लपवली होती. म्हणजे ज्या यंत्रावर आपण भरवसा ठेवायचा, त्याच्या किल्ल्या खोटं करणाऱ्यांच्याच हातात होत्या.

माझ्या मते यापेक्षाही मोठी चूक साध्या कागदाची होती. बँकेत किती पैसे आहेत हे ऑडिटरनं बँकेला थेट विचारायचं आणि उत्तरही थेट स्वतःकडे मागवायचं, हा आमच्या कामातला अगदी पहिला धडा. अमेरिकेच्या बाजार नियामकानं २०११ मध्ये सत्यमच्या ऑडिट फर्मवर कारवाई करताना नेमकं यावरच बोट ठेवलं: बँकेकडून शिल्लक पडताळण्याची पुष्टीपत्रं पाठवणं आणि परत घेणं हे काम कंपनीच्याच हाती सोडलं होतं. ज्याची तपासणी करायची, त्याच्याच हातून पुरावा घेतला, तर समोर कॉम्प्युटर असो की वही, काय फरक पडतो?

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचं ऑडिट होत होतं ना? आमचे पैसे तिथं अडकले होते.

हा प्रश्न मला मुंबईतल्या अनेकांनी विचारला आहे आणि विचारताना त्यांचा आवाज कसा होतो ते मला माहीत आहे. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती. लोकांची औषधं, मुलांच्या फिया, लग्नं अडली. पुढं जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तरी मोठ्या ठेवी टप्प्याटप्प्यानंच मिळणार असं ठरलं.

झालं काय होतं? एका बांधकाम समूहाची थकलेली प्रचंड कर्जं लपवायची होती. तपासात पुढं आलं की त्या कर्जांच्या जागी २१,०४९ खोटी कर्जखाती दाखवली गेली. नियामकाला दिलेल्या कर्जांच्या यादीत ती होती आणि बेरीज ताळेबंदाशी जुळत होती. बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत, म्हणजे सगळी खाती ज्यात असतात त्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये, मात्र ती खाती उघडलेलीच नव्हती.

कोणीतरी तयार करून दिलेली एक्सेल यादी तपासणं आणि मूळ प्रणालीतून स्वतः डेटा उपसणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकाराला कोणी इलेक्ट्रॉनिक ऑडिट म्हणू नये. वही वाचली तशीच ती यादी वाचली, फक्त पडद्यावर. दुसऱ्या प्रकारात, यादीतल्या या एकवीस हजारांपैकी कुठलीही दहा खाती प्रणालीत शोधायला बसलं असतं, तरी पहिल्याच खात्याला अडखळायला झालं असतं.

पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणाचा याच्याशी काय संबंध?

मुंबईत फोर्टातल्या ब्रॅडी हाउस शाखेतून परदेशी बँकांना बेकायदा हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून जात राहिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये हे उघडकीला आलं, तेव्हा आकडा सुमारे ११,४०० कोटींचा सांगितला गेला. हे संदेश बँकेच्या कोअर बँकिंगमध्ये नोंदलेच जात नव्हते, कारण दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. कोअर बँकिंगमधल्या शंभर टक्के नोंदी तपासल्या असत्या तरी तिथं काही सापडलं नसतं. म्हणून ऑडिटरचा पहिला प्रश्न ‘नोंदी बरोबर आहेत का’ हा नसून ‘सगळे व्यवहार इथं येतात का’ हा असायला हवा. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं दोन्ही यंत्रणा जोडण्यासाठी बँकांना ३० एप्रिल २०१८ ची मुदत दिली.

परदेशात तरी हे प्रकार थांबलेत का?

जर्मनीची वायरकार्ड ही पैसे-हस्तांतर सेवेतली कंपनी तिथल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात होती. जून २०२० मध्ये १.९ अब्ज युरो सापडेनात. ते फिलिपिन्समधल्या दोन बँकांत असल्याचं दाखवलं होतं. बँकांनी सांगितलं, ही कागदपत्रं बनावट आहेत, ही कंपनी आमची ग्राहकच नाही. सत्यमनंतर अकरा वर्षांनी, तंत्रज्ञानात कितीतरी पुढं गेलेल्या देशात, चूक तीच: बँकेला थेट विचारलं नाही.

मग यात भरवशाचं काय आहे?

बाहेरून येणारा पुरावा. इलेक्ट्रॉनिक ऑडिटची खरी ताकद मला इथं दिसते. कंपनी म्हणते आम्ही माल विकला. ठरावीक उलाढालीच्या वरच्या कंपनीला त्या विक्रीचं ई-इन्व्हॉइस सरकारी पोर्टलवर नोंदवून ६४ अक्षरांचा संदर्भ क्रमांक घ्यावा लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ही सक्ती ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना होती, ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आली. माल हलला तर ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीची ऑनलाइन नोंद, त्यावर गाडीचा क्रमांक. खरेदी दाखवली तर पुरवठादारानं भरलेलं बिल जीएसटीच्या २बी विवरणात दिसायला हवं. पैसे आले असतील तर बँकेचं विवरण. एका विक्रीच्या मागं चार ठिकाणच्या नोंदी, आणि त्यातल्या तीन कंपनीच्या एकटीच्या हातात नाहीत.

बिहारमधल्या चारा घोटाळ्यात जनावरं आणि चारा वाहून नेणाऱ्या ‘ट्रक’चे क्रमांक परिवहन खात्याकडून तपासले, तेव्हा त्यात स्कूटर आणि मोपेड निघाल्या होत्या. ती पडताळणी तेव्हा कागदोपत्री, एकेक क्रमांक घेऊन करावी लागली. आज तसं काम एका दुपारी होतं.

खोटी बिलं फिरवणाऱ्या साखळ्या जीएसटीतही आहेत, हे खरं. चार-पाच कंपन्यांनी संगनमत केलं तर बाहेरचा पुरावाही आतूनच तयार होतो. तिथं कारखान्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. वीजबिल बघा, हजेरी बघा, गोदामात माल मोजा. करोनाच्या काळात आम्ही व्हिडिओ कॉलवर स्टॉक मोजला, तेव्हा समोरचा माणूस कॅमेरा जिकडं फिरवेल तेवढंच दिसायचं. मला ते कधी पटलं नाही आणि अजूनही पटत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता आली की घोटाळे आपोआप पकडले जातील का?

संशयास्पद नोंदींची यादी ती झटपट देईल, करारांची हजार पानं वाचेल. पण त्या यादीतल्या प्रत्येक नोंदीबद्दल कंपनीच्या संचालकासमोर बसून ‘याचा कागद दाखवा’ म्हणायला माणूस लागतो. आणि उत्तर पटलं नाही तर, फी जाण्याची शक्यता असूनही, अहवालात तसं लिहायला लागणारं धैर्य सॉफ्टवेअरबरोबर विकत मिळत नाही.

ऑडिटरची सहीच खोटी असेल तर?

यासाठी सोपा उपाय आहे आणि तो फुकट आहे. प्रत्येक ऑडिट अहवालावर, सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन नावाचा १८ अक्षरांचा क्रमांक असतो. सुरुवातीचे दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएच्या सदस्यत्वाचे. सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआय) यूडीआयएन पोर्टलवर कोणीही तो टाकून बघू शकतो. ऑडिट अहवालांसाठी तो १ जुलै २०१९ पासून सक्तीचा आहे. कर्जासाठी खोट्या सहीचे ताळेबंद बँकेत देण्याचे प्रकार व्हायचे, त्यांना यामुळं चांगलाच आळा बसला. क्रमांक जुळला म्हणजे सही खरी, एवढंच मात्र समजायचं. आतल्या आकड्यांची ती हमी नाही.

ऑडिटरवर कोणाची देखरेख असते?

इन्स्टिट्यूटची शिस्त समिती पूर्वीपासून आहे. सूचिबद्ध आणि मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरसाठी १ ऑक्टोबर २०१८ पासून एनएफआरए (राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण) ही स्वतंत्र संस्था आहे. तिचे आदेश तिच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. ऑडिटरनं कुठं डोळेझाक केली हे त्यात परिच्छेद क्रमांकासह लिहिलेलं असतं. एखादा आदेश पूर्ण वाचा, ऑडिटची दहा व्याख्यानं ऐकल्याइतकं कळेल.

मला अकाउंट्स येत नाही. वार्षिक अहवालात मी काय बघू?

ताळेबंद नंतर. आधी ‘स्वतंत्र लेखापरीक्षकांचा अहवाल’ उघडा. मत ‘अर्हताप्राप्त’ किंवा इंग्रजी अहवालात ‘क्वालिफाइड’ लिहिलं असेल तर हा शब्द चांगल्या अर्थाचा समजू नका. त्याचा अर्थ ऑडिटरनं हातचं राखून मत दिलंय. त्याखाली कारण असतं, ते शब्दन्‌शब्द वाचा.

मग ‘इतर कायदेशीर बाबी’ या भागात ऑडिट ट्रेलचा परिच्छेद शोधा. मग नफ्याशेजारी रोख प्रवाह पत्रक ठेवा: नफा दर वर्षी वाढतोय आणि धंद्यातून येणारी रोख मात्र येत नाही, असं सलग तीन वर्षं दिसलं तर सावध व्हा. बँकेत भरपूर रोख पडून आहे आणि तरी कंपनी जास्त व्याजानं कर्ज काढतेय, हेही तसंच. ऑडिटरनं मुदतीच्या मधेच राजीनामा दिला असेल तर त्याचं पत्र शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर सापडतं. ‘वैयक्तिक कारण’ किंवा ‘फी परवडत नाही’ एवढंच लिहिलेलं असलं, तर मी त्या कंपनीत पैसे ठेवत नाही.

आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. हा सगळा खर्च आम्ही का करायचा?

खर्च वाटतो तेवढा नसतो. टॅलीची योग्य आवृत्ती, प्रत्येकाला वेगळं लॉगिन, दररोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर, एवढ्यावर सुरुवात होते. यातलं सगळ्यात जास्त काय चुकतं सांगू? पाचजण ‘अ‍ॅडमिन’ या एकाच लॉगिननं काम करतात आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो. मग एडिट लॉगमध्ये प्रत्येक बदलापुढं ‘अ‍ॅडमिन’ लिहून येतं आणि पैसे कमी निघाले की पाचही जणांकडं बोट जातं, त्यात चार निर्दोष असतात. उद्या सकाळी ऑफिस उघडलं की आधी ती चिठ्ठी काढा आणि पाच लॉगिन करून घ्या.